मराठी संपादकांस दहिवलीहून एक अनावृत पत्र

दहिवली,
ता. कर्जत, जि. रायगड.

मराठी वृत्तपत्रांचे सन्माननीय संपादक आणि मराठी वृत्तवाहिन्यांचे संचालक यांस,



बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक काढला, त्या दिवसाच्या स्मरणार्थ महाराष्ट्रात दरसाल पत्रकार दिन साजरा होतो, आणि आमच्या तालुक्याच्या गावीही वार्ताहर मंडळींना शाल-श्रीफळ देऊन त्यांच्या कार्याचा यथोचित गौरव केला जातो. त्या सभेत पुढारी बोलतात, अधिकारी बोलतात, पत्रकारही बोलतात. ज्यांच्याविषयी वर्षभर छापून येते त्या माणसांनी बोलण्याचा मात्र प्रघात नाही. या तालुक्यातील शाळांतून शिक्षकाची नोकरी करून निवृत्त झालेला आणि आपली पत्रे पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा मी एक मनुष्य आहे. जी कैफियत त्या सभेत कोणी मांडीत नाही, ती या पत्राने आपल्यापुढे ठेवण्याचे मी योजले आहे. आपल्याविषयी मनात अनादर असता तर इतके लिहिण्याचे श्रम मी घेतले नसते, हे आरंभीच नमूद करतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वर्तमानपत्र माणसाचा ज्या शब्दांनी उल्लेख करते, त्या शब्दांनुसार गाव त्याच्याशी वागू लागते, कचेरी वागू लागते, शाळा वागू लागते. आणि दोनतीन पिढ्या हे असेच चालले म्हणजे तो माणूसही त्याच शब्दांच्या मापाने स्वतःला मोजू लागतो. लोकमत घडविण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे असे आपण अभिमानाने सांगता, आणि ते खरेही आहे. परंतु निवडणुकीच्या दिवसांत जे सामर्थ्य मान्य करायचे, तेच एखाद्या वाडीवरच्या मुलाच्या बाबतीत विसरायचे, हे न्यायाला धरून होणार नाही.

पहिली तक्रार पोलीस-वृत्तांविषयी आहे, आणि ती सर्वांत जुनी असल्यामुळे तिच्याविषयी अंमळ सविस्तर लिहितो. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके कातकरी आणि ठाकर या दोन आदिवासी समाजांचे पिढ्यान्पिढ्यांचे वसतिस्थान आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल सरकारजमा झाले, खैर तोडण्याला मनाई आली, आणि जातीचा धंदा हातून गेलेला हा समाज मोलमजुरीला लागला. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला तेव्हा, मनुष्य जन्मतःच गुन्हेगार असू शकतो ही कल्पना सरकारी दप्तरात दाखल झाली, आणि त्या कल्पनेच्या छायेत आमच्या कातकऱ्यांवरही चोरटेपणाचा शिक्का बसला. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ साली रद्द केला. पुढे केंद्र सरकारने कातकऱ्यांची गणना आदिम जमातींत केली, आणि २००६ साली त्या वर्गाचे ‘आदिम’ हे विशेषणही काढून टाकून ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ अशी संज्ञा योजिली. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीनच समाज त्या वर्गात मोडतात. सरकारसारख्या मंद गतीच्या यंत्रणेलाही आपले शब्द बदलण्याची गरज भासली. पोलीस-वृत्त लिहिणाऱ्या लेखणीला ती अद्याप भासलेली दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या एका फार्महाऊसवर चोरी झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत संशयितांच्या नावांआधी त्यांची जात छापलेली होती. बंगल्याच्या मालकाची जात अर्थातच छापलेली नव्हती, आणि ती छापण्याचे कारणही नव्हते. दिवस मृगाच्या आगेमागेचे होते. त्या दिवसांत कातकरी बायका रानातून खणून आणलेल्या शेवळांच्या जुड्या, आणि शेवळांची खाज मारण्यासाठी त्यांच्यासोबत शिजवायची काकडे, असा वाटा पानावर मांडून बाजाराच्या तोंडाशी बसतात, आणि वर्षातून थोडेच दिवस मिळणाऱ्या या भाजीची आमच्या घरांतून आतुरतेने वाट पाहिली जाते. एरवी जी गिऱ्हाईक बाई खाली बसून, जुडी हातात घेऊन, “काय गं, खाजणार नाही ना?” असे विचारीत दोन वाटे जास्त घेते, तीच त्या आठवड्यात दोन पावले दूर उभी राहून, पिशवी काखेत आवळून, भाव विचारीत होती. एका दुकानदाराने आपल्या पायरीच्या सावलीला टेकलेल्या बाईला उठवून उन्हात बसविले आणि शेजारच्या दुकानदाराकडे वळून “पेपरात वाचलं ना?” एवढेच तो म्हणाला. त्या बाईला वाचता येत नव्हते. चोरी झालेला बंगला कोणता हेही तिला ठाऊक नव्हते. तिने टोपली उचलली, शेवळे सुकू नयेत म्हणून त्यांवर ओले फडके टाकले, आणि मुकाट्याने रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसली. कारण असे उठविले जाणे ही तिच्या अंगवळणी पडलेली गोष्ट होती. पुढे त्या संशयितांवर गुन्हा शाबीत झाला की ते निर्दोष सुटले, हे छापून आलेले माझ्या पाहण्यात नाही.

एखाद्या व्यक्तीची जात कारणावाचून छापू नये, आणि जेथे त्या उल्लेखाने समाजाची मानहानी होईल तेथे तर मुळीच छापू नये, अशा आशयाचा नियम प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. तो आपणच आपल्यासाठी मान्य केलेला आहे, तेव्हा मी नवीन काही मागतो असे नाही. या उल्लेखाचा परिणाम दुकानाच्या पायरीपाशी थांबत नाही. माझ्या हाताखालून गेलेली वाडीवरची काही मुले दहावी-बारावी झाली, नोकरीला लागली, आणि त्यांच्यापैकी कित्येकजण अर्जावर पत्ता लिहिताना आपल्या कातकरवाडीचे नाव गाळून शेजारच्या महसुली गावाचे नाव लिहितात. कारखान्याच्या फाटकावर वाडीचे नाव ऐकताच पुढचे प्रश्न बदलतात, हे त्यांनी अनुभवलेले असते. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला तो याच कारणास्तव. पाटी बदलणे सरकारच्या हाती होते. वाचकांच्या मनातील नाव बदलणे आपल्या हाती आहे.

दुसरी तक्रार इर्शाळवाडीची. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि भर पावसात डोंगर चढून गेलेल्या जवानांना व गावोगावच्या स्वयंसेवकांना फावड्या-घमेल्यांनी माती उपसावी लागली. आपले प्रतिनिधीही तो डोंगर चढले, ओले कपडे अंगावर घेऊन त्यांनी वृत्तांत दिला. त्यांच्या श्रमांविषयी मला एक शब्दही उणा बोलायचा नाही. माझे दुखणे त्या चार दिवसांच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांविषयी आहे.

त्या रात्रीपूर्वी ही वाडी आपल्या पानांतून येत नव्हती असे नाही. गिर्यारोहणाच्या सदरांतून ती येत असे: गडावर जाताना लागणारी वस्ती, जेथे पाणी मिळते आणि आगाऊ सांगितल्यास भाकरी-पिठल्याची सोय होते, अशी. पायथ्यापासून ती चढण कशी दमछाक करणारी आहे याचे रसभरित वर्णन त्या सदरांतून असे. परंतु त्याच चढणीवरून बाळंतीण खाली कशी आणतात, म्हातारा आजारी पडल्यास त्याला झोळीत घालून किती माणसांनी उचलावे लागते, मुलगी आठवीनंतर शाळेला कोणत्या वाटेने जाते, हे प्रश्न लिहिणाऱ्याला पडले नाहीत आणि म्हणून वाचणाऱ्यालाही पडले नाहीत. रस्ता नसणे ही गोष्ट पाहुण्याच्या दृष्टीने रम्य होती, आणि तेथे राहणाऱ्याच्या दृष्टीने ती काय होती हे महाराष्ट्राला कळायला २० जुलैची सकाळ उजाडावी लागली.

नंतरच्या दिवसांविषयी सांगायचे तर, आपल्या मथळ्यांतून ‘निसर्गाचा कोप’, ‘काळाचा घाला’, ‘नियतीचा खेळ’ हे शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा आले. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गेले तेव्हा हेच शब्द होते, २२ जुलै २०२१ रोजी आमच्याच जिल्ह्यातील महाड तालुक्यातले तळिये गेले तेव्हाही हेच होते. मराठी भाषेत शोक व्यक्त करण्याचे हे रूढ शब्द आहेत, आणि पहिल्या दिवशी ते कोणाच्याही तोंडून निघतील. परंतु तेच शब्द महिनाभर वापरले गेले म्हणजे त्यांचे कार्य बदलते. कोप झाला म्हटले की जाब विचारायला कोणी उरत नाही. धोक्याच्या गावांच्या यादीत ही वाडी का नव्हती, ती यादी कोण करतो, कोणत्या पाहणीवरून करतो, वनखात्याच्या हद्दीतील वाडीला रस्ता द्यायचा तर कोणकोणत्या कचेऱ्यांचे दाखले लागतात आणि ते कोणत्या टेबलावर अडतात, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली दबून जातात. आणि त्याहून वाईट परिणाम वाड्यांवर झाला. कोणत्याही डोंगरवाडीत जाऊन या धोक्याविषयी बोलावे, तर “आमच्या नशिबात असंल ते व्हईल” असे उत्तर येते. ही वृत्ती त्यांच्या रक्तात आहे असे शहरातील सुशिक्षितांना वाटते. माझे मत निराळे आहे. ज्या समाजाला अर्ज करून काही मिळाले नाही, आणि ज्याच्या प्रत्येक अनर्थाचे वर्णन दैवाच्या भाषेत करण्यात आले, तो समाज दैवाची भाषा शिकणारच. चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसता संप चालविला तो याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात; त्या लढ्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली ‘कृषीवल’ पत्र काढले, आणि खोताच्या देण्याला दैव न म्हणता अन्याय म्हणावे असे कुळांना सांगणारी भाषा उपलब्ध झाली. तेव्हा या मातीतील माणूस मुळातच दैववादी आहे असे कोणी म्हणू नये.

याच ओघात आणखी एका शब्दाविषयी लिहिले पाहिजे. दसरा-दिवाळी झाली, भातकापणी आटोपली, की आमच्या वाड्या ओस पडू लागतात. मुकादम येऊन कुटुंबाला उचल देतो आणि नवराबायको मुलाबाळांसह वीटभट्टीवर किंवा परजिल्ह्यातील कोळशाच्या भट्टीवर जातात. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येताना पुष्कळदा फिटलेल्या कर्जाऐवजी पुढच्या सालाची उचल अंगावर असते. आपण याला ‘पोटासाठी स्थलांतर’ म्हणता, क्वचित ‘भटकंती’ही म्हणता. उचलीपायी माणसाला काम सोडून जाण्याची मुभा राहिली नाही, म्हणजे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तो गुन्हा ठरतो. स्थलांतर म्हटले की वाचकाला एक करुण परंतु स्वेच्छेचा प्रवास दिसतो, वेठबिगारी म्हटले की जिल्हाधिकाऱ्यावर कारवाईची जबाबदारी येते. नोव्हेंबर महिन्यात माझ्या वर्गातील बाके रिकामी होत, तेव्हा हजेरीपत्रकावर ‘दीर्घकाळ गैरहजर’ असा शेरा मारण्याचा रिवाज होता. जणू आठ वर्षांच्या मुलानेच शाळेला न येण्याचे ठरविले होते. शाळेचा शेरा आणि आपली बातमी यांची भाषा एकच होती, म्हणून दोघांच्याही वाचकांना त्यात काही गैर वाटले नाही.

जाहिराती आणि पर्यटन-पुरवण्यांविषयी थोडक्यात लिहितो. ज्या तालुक्याचे नाव भातसंशोधन केंद्रामुळे, ‘कर्जत ३’सारख्या वाणांमुळे, कोकणच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहे, तो तालुका आपल्या पुरवण्यांतून ‘मुंबई-पुण्याच्या मध्यावरील निवांत निसर्ग’ म्हणून येतो. तेथे हिरवळ असते, धबधबा असतो, दुसऱ्या घराचा नकाशा असतो, माणूस नसतो. जेथे माणूसच नाही असे वारंवार छापले जाते, तेथे येणारा पाहुणा जणू कोणाच्या दारात आलो नाही अशाच तऱ्हेने वागतो. पावसाळ्यातील रविवारी भिवपुरी, आषाणे, सोलनपाडा या बाजूंनी एकदा हिंडून यावे: लावणीच्या खाचरांतून मोटारी उभ्या, बांधावर बाटल्यांच्या काचा, आणि चिखलात अनवाणी लावणी करणाऱ्या बायकांकडे रोखलेले कॅमेरे. धबधब्यावर बुडून माणसे दगावतात म्हणून तेथे जाण्यास बंदीचे हुकूम निघतात; ज्या पत्राच्या एका पानावर तो हुकूम असतो, त्याच पत्राच्या पुरवणीत त्याच ठिकाणचे आमंत्रण असते. आणि ज्याच्या बापाने त्या जमिनीत भात लावला, तो तरुण आता तिच्या फाटकावर गणवेश घालून, आत जाणाऱ्याला सलाम करतो. काम कोणतेही हलके नसते. परंतु शेती करणे मागासलेपणाचे आणि गणवेश घालणे प्रतिष्ठेचे, हा विचार त्याच्या डोक्यात आपोआप आला नाही.

आता भाषेकडे येतो, कारण शिक्षक या नात्याने मला तेथेच सर्वांत अधिक सलते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि आपण सर्वांनी पानेच्या पाने भरून त्याचा उत्सव केला. मलाही मनापासून आनंद झाला. परंतु मराठी म्हणजे कोणाकोणाची बोली, हा प्रश्न त्या उत्सवात आला नाही. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात कातकरी आणि ठाकरी या बोलींची नोंद आहे. तो खंड ग्रंथालयात राहिला. वाडीवरच्या मुलाला आपल्या बोलीचे जे रूप रोज भेटते, ते दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांतून भेटते.

एका वर्षी चौथीच्या वर्गात मी पावसाळ्यावर निबंध सांगितला. ‘आकाशात काळे ढग जमा होतात, मोर नाचू लागतो’ असे सर्वांनी लिहिले. मागच्या बाकावरील कातकरी मुलाने कोरे पान ठेवले. त्याला जवळ बोलावून, पहिल्या मोठ्या पावसात तुमच्याकडे काय करतात, असे विचारले, तेव्हा तो वलगणीचे सांगू लागला: नदीचे मासे पाण्याविरुद्ध ओढ्यातून शेतापर्यंत कसे चढतात, रात्री बत्ती घेऊन कोण कोण जातात, कोणत्या खडकाच्या आडोशाला बसायचे, अंड्यांनी भरलेली मासळी हाताला कशी लागते, पाण्याचा रंग कोणता झाला म्हणजे घरी परतायचे. मोर त्याने नाचताना पाहिलेला नव्हता. नदी चढताना पाहिली होती. मी तल्लीन होऊन ऐकत होतो आणि वर्ग हसत होता. मुले वाईट नव्हती. ती का हसली याची मी मागाहून चौकशी केली, तेव्हा एका मुलीने निरागसपणे सांगितले, की गुरुजी, टीव्हीवर तो नोकर असंच बोलतो. कथानकातील वकील, डॉक्टर, नायिका, फौजदार हे सर्व पुणेरी वळणाचे बोलतात, आणि हेल काढून बोलतो तो गडी, चोर किंवा भोळा. हे गणित मुलांनी न शिकविता सोडविले होते. तो मुलगा पुढे वर्गात बोलला तो ‘हजर’ एवढेच, आणि सातवीच्या आतच त्याची शाळा सुटली. शाळा सुटण्याचे कारण गरिबी असे नोंदले गेले. ते खोटे नव्हते, अपुरे होते.

प्रमाण मराठी शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. ती मी आयुष्यभर शिकविली. कोर्टाचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी आणि सातबाराचा उतारा वाचता यायचा तर ती यायलाच हवी. माझी मागणी एवढीच, की कातकरी किंवा ठाकरी बोलणारा माणूस पडद्यावर कधी तरी एखाद्या विषयाचा जाणकार म्हणून दिसावा. रानभाज्यांविषयी, नदीतील मासळीविषयी, जंगलहक्कांच्या दाव्यांविषयी त्याच्याइतके जाणणारा आपल्या चर्चागृहात कोणी नाही. त्याचे बोलणे त्याच्याच सुरात ऐकू द्यावे. अवघड वाटल्यास खाली प्रमाण भाषेतील ओळ द्यावी, जशी आपण परदेशी पाहुण्यांसाठी देता.

हे सर्व वाचून आपणांस असे वाटेल, की या मनुष्याला आमचे काही चांगले दिसतच नाही. तसे नाही, आणि त्याचा पुरावा रायगड जिल्ह्यातच आहे. गावकीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकावे, त्याच्याशी बोलणाऱ्याला दंड करावा, त्याला विहिरीवर, किराणा दुकानात, लग्नाकार्यात, मयतीतसुद्धा मज्जाव करावा, ही रूढी आमच्या जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली होती, आणि तिला कोणी अन्याय म्हणत नव्हते. ‘गावाचा निकाल’ म्हणत. आपल्या पत्रांनी ही प्रकरणे लावून धरली, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला, आणि एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा कायदा एकमताने संमत केला. तो ३ जुलै २०१७ रोजी अमलात आला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गावकीच्या बैठकीत आज कोणी वाळीत टाकण्याची भाषा काढली, तर दुसरा कोणी तरी “पेपरात येईल” असे म्हणतो, आणि पुष्कळदा तेवढ्यावर विषय मिटतो. जशा तोंडांनी शेवळेवाल्या बाईला पायरीवरून उठविताना पेपराचा दाखला दिला, तशाच तोंडांनी येथे पेपराचा दाखला देऊन एक कुटुंब वाचविले. हा अधिकार आपला आहे, तो आपण वापरलेला आहे, म्हणून तर मी आपल्याकडे मागणे मागतो.

ती मागणी आता लिहितो. संशयिताची जात छापणे आजपासून बंद करावे, आणि अटकेची बातमी ज्यांनी छापली त्यांनी सुटकेची बातमीही तितक्याच जागेत छापावी. दरडीच्या धोक्याची बातमी दरड कोसळल्यानंतर न देता पावसाळ्याआधी द्यावी. वैशाखात आपला प्रतिनिधी डोंगरवाड्यांवर पाठवावा आणि तेथील रस्ता, पाणी, जमिनीच्या भेगा यांचे त्याने पाहिलेले वर्णन छापावे. उचल घेऊन भट्टीवर गेलेल्या कुटुंबांविषयी लिहिताना कायद्याचे नाव लिहावे. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. त्यांच्या पुण्यतिथीला छायाचित्र छापता, त्यासोबत कोतवालांनी या तालुक्यात काढलेल्या शाळा आणि शेतकऱ्यांसाठी उभारलेल्या धान्यकोठ्या यांविषयीही लिहावे, म्हणजे आमच्या मुलांना आपला तालुका फार्महाऊसांच्या आधीही होता हे कळेल. ना. गो. चापेकरांनी आमच्याच रेल्वेमार्गावरील बदलापूरविषयी १९३३ साली ग्रंथ लिहिला, त्यात गावचे घर, शेत, बोली, रीतिरिवाज सर्व बारकाईने नोंदलेले आहे. इतके अवधान आपल्या धावपळीच्या धंद्यात शक्य नाही हे मी जाणतो, त्याचा दशांश मागतो.

शेवटची मागणी पैशाची आहे, आणि बाकीच्या सर्व तिच्यावर अवलंबून आहेत. तालुक्याच्या वार्ताहराला आपल्यापैकी पुष्कळजण पगार देत नाहीत, किंवा देतात तो नाममात्र. त्याची खरी मिळकत जाहिरातींवरील कमिशनची असते, आणि जाहिरात देणारा जमिनीचा व्यापारी असतो, पुढारी असतो, रिसॉर्टवाला असतो. अशा माणसाने कोणाविरुद्ध लिहावे, आणि स्वतःच्या पेट्रोलने कोणत्या वाडीवर जावे? त्याच्या बातमीत पोलीस ठाण्याने दिलेले शब्द जसेच्या तसे येतात, कारण ते शब्द फुकट मिळतात. तेव्हा आपल्या कर्जतच्या आणि खालापूरच्या प्रतिनिधीला नियमित वेतन द्यावे, जाहिराती मिळविण्याचे काम त्याच्याकडून काढून घ्यावे, आणि महिन्यातून निदान एकदा वाडीवर जाण्याचा प्रवासखर्च मंजूर करावा. ही तजवीज येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
दहिवली